गिरणीवाल्या आपांच्या कण्या

गिरणीवाल्या आपांचे कान फार तिखट होते. दळणाचा डबा त्यांच्या ओट्यावर टेकवला, की झाकण न उघडता त्या सांगायच्या, "ज्वारी हाय. नवी हाय. अजून दोन उन्हं द्यायला पायजे होती." डबा टेकताना आत दाणे हलतात, त्या आवाजावरून म्हणे त्यांना कळायचं. मला काही ते खरं वाटेना. म्हणून एकदा मी गव्हाच्या डब्यात मुद्दाम दोन मुठी हरभरे मिसळून नेले. आपांनी डबा टेकू दिला, माझ्याकडं एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "भाभी, हे निवडून आणा. तुम्हाला खेळायला वेळ हाय, चक्कीला नाय." रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. आपांवर माझा राग तिथून सुरू झाला, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते काही खरं नाही. खरं कारण वेगळं आहे.

आमचं घर छावणीत, बाजार संपतो तिथं. रस्ता ओलांडला की आपांची गिरणी. आपा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. "पोलीस ॲक्शनच्या साली मी अम्मीच्या गोदीत होते," एवढाच त्यांच्या वयाचा हिशोब. उंच बाई, डोक्यावर पदर, आणि पापण्या कायम पिठानं पांढऱ्या. त्यांचे मालक आतड्याच्या आजारानं गेले होते. दोन वर्षं रक्त जात होतं, तर तो माणूस मूळव्याध आहे म्हणत चूर्णं फाकत राहिला. बायकोला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी आपांनी स्वतः पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. त्यांना अक्षरओळख नव्हती. डबा कुणाचा हे त्या डब्याच्या पोच्यांवरून ओळखायच्या आणि त्यावर खडूनं फक्त आकडे टाकायच्या, किती किलो आणि कोणत्या तारखेचा. आकडे मात्र मोत्यासारखे.

तर एका सकाळी या आपा गिरणी चालू सोडून आमच्या दारात. मी पुऱ्या तळत होते. आमचे हे नुकतेच कचेरीत गेले होते. आपांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाभी, भाऊंना संडासातून रक्त जातंय. तुम्हाला ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झालेली, एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, आणि माझ्या नवऱ्याच्या पोटातली गोष्ट मला गिरणीवाली सांगत होती. झालं असं होतं की यांनी आपल्या परीनं चौकशी केली होती. तुमचे मालक मूळव्याधीवर कोणतं चूर्ण घ्यायचे, असं आपांना विचारलं होतं. दुसरं कुणी असतं तर नाव सांगून मोकळं झालं असतं. आपांनी चूर्णाचं नाव सांगितलं नाही, या माणसाकडून सगळं वदवून घेतलं आणि तडक माझ्याकडं आल्या. "आज डॉक्टरकडं न्या," म्हणाल्या. "उद्या नक्को. आज."

मी नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात दोन पॉलिप निघाले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याच्या आतल्या अंगाला चामखिळीसारखं वाढतं, बहुतेक वेळा साधंच असतं, पण ठेवून दिलं तर एखादं पुढं वाईट वळणावर जाऊ शकतं. दोन्ही तिथल्या तिथं काढले. "आता खाणं बदला," डॉक्टर म्हणाले. "कोंड्यासकट धान्य, पालेभाज्या, डाळी, फळं. तळलेलं आणि मटण कमी. तंबाखू बंद. त्यानं धोका कमी होईल. पण पथ्य पाळतोय म्हणून तपासणी चुकवायची नाही. वर्षानं परत यायचं." त्या वेळी हे दवाखान्यात भरती होते, तपासणीआधीचं खाणंपिणं सगळं सिस्टरांनी सांभाळलं. तेव्हा काय दिलं आणि काय बंद केलं, यांना पत्ताही नव्हता. हे ध्यानात ठेवा.

बाई वाचवून गेली म्हणून मी आपांचे पाय धरायला हवे होते. मी चहासुद्धा विचारला नाही. माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, की या माणसानं मला का सांगितलं नाही.

माझा स्वयंपाक वैजापूरकडच्या माहेरचा. पीठ दोनदा चाळायचं, तेही बारीक चाळणीनं. पोळीला पापुद्रा सुटला पाहिजे. रविवारी काळ्या मसाल्याचं मटण, पावसाळ्यात भज्यांचे घाणे. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या हाताचं कौतुक करत गेल्या. त्या चाळणीवर आपांनी पहिला घाव घातला. "चाळून कोंडा गाईला घालता, अन् भाऊंना काय मैदा? आतड्याला काम पायजे, भाभी. बिनकामाचं आतडं बिघडतंय." हे त्या रांगेत सगळ्यांसमोर बोलल्या. हीच गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मी मान हलवली होती. आपांच्या तोंडून ऐकताना अंगाची लाही लाही झाली.

मग कण्या सुरू झाल्या. ज्वारीला पाण्याचा हात लावायचा, जाडसर भरडायची, मीठ घालून शिजवायची आणि ताक ओतून खायची. गरिबाघरचं खाणं. आता विजेच्या गिरणीवर वाटीभर ज्वारी भरडून मिळत नाही, त्यासाठी दगड सैल करावे लागतात. म्हणून आपांनी आतलं हातजातं बाहेर काढलं. अख्ख्या छावणीचं दळण विजेवर, आणि माझ्या नवऱ्याचं हातानं. सकाळी सात वाजता हे रिकामा वाडगा घेऊन रस्ता ओलांडायचे आणि गिरणीबाहेरच्या बाकावर बसून, रांगेतल्या लोकांशी गप्पा हाणत, कण्या खायचे. वर जवसाची चटणी. कधी अंबाडीची भाजी, तीही कण्या घालून केलेली. शेजारच्या देशमुखीणबाईंनी मला विचारलंच, "काय हो, तुमच्याकडचा गॅस संपला की काय?"

मी घरी करून बघितल्या. मिक्सरमध्ये ज्वारी फिरवली, निम्मी पीठ झाली, निम्मी तशीच राहिली, शिजवल्यावर नुसता गिचका. यांनी वाडगा संपवला, पण एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला वाडगा घेऊन रस्त्यापलीकडं. त्यापेक्षा त्यांनी तो गिचका माझ्या अंगावर फेकला असता तर बरं वाटलं असतं.

आणि माणूस सुधारत गेला, हे तर आणखी. पोट आत गेलं, पट्ट्याला दोन भोकं पाडावी लागली. तंबाखू सुटली. आपा त्यांना विचारायच्या, "डबी कुठाय? द्या इकडं," आणि चक्क जप्त करायच्या. कचेरीतल्या मंडळींबरोबर महिन्यातून चारदा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खायला जाणं हा यांचा धर्म होता. मी वीस वर्षं भांडले तरी सुटला नव्हता. तो सोडवला कुणी, तर आपांनी. "माझ्या घरी शादी असंल तवा या, पोटभर खाऊ घालते. रोज नक्को, भाऊ." हे हसले आणि सोडून मोकळे झाले. मी देवाचे आभार मानायला हवे होते. मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला. बायका सवतीवर जळतात, मी एका पांढऱ्या पापण्यांच्या विधवेवर जळत होते, आणि माझ्या नवऱ्यानं तिच्याकडं बहिणीशिवाय दुसऱ्या नजरेनं कधी बघितलं नाही, हेही मला माहीत होतं. तरी जळत होते.

वर्ष झालं. तपासणीची तारीख घ्यायला मी एकटीच गेले. सिस्टरनं एक इंग्रजी कागद दिला, कोपऱ्यात तारीख घातली आणि मराठीत समजावून सांगितलं. तपासणीच्या आधी तीन दिवस ज्वारी-बाजरी बंद, पालेभाजी बंद, तीळ-जवसासारखं बियांचं काही नाही. पांढरा भात, डाळीचं वरचं पाणी, असलं मऊ खायचं. शेवटच्या दिवशी नुसतं पातळ आणि पोट साफ करायचं औषध. आतडं धुतल्यासारखं स्वच्छ असलं तरच डॉक्टरांना आतलं दिसतं.

घरी येऊन मी कागद यांच्यापुढं धरला. यांना चष्मा सापडेना. तो कधीच सापडत नाही. "कागद तू बघ," म्हणाले. मी कागद मिसळणाच्या डब्याखाली ठेवला.

पहिल्या दिवशी सकाळी सातला त्यांनी वाडगा उचलला. मी गॅसपुढं उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, आजपासून कण्या बंद. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी होती, कारण हे परत आले तेव्हा मिशीला पान लागलेलं होतं. ते मीच पुसलं. तिसऱ्या दिवशी मात्र मी त्यांना घरात अडवलं, औषध दिलं, पातळ दिलं, सगळं व्यवस्थित केलं. मला यांचं वाईट करायचं नव्हतं. डॉक्टरांनी फक्त एकदा म्हणावं, की या कण्यांनी घोळ झाला. एवढंच मला हवं होतं.

डॉक्टर तसंच म्हणाले. बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाले, "आत सगळीकडं कोंडा चिकटलाय. मला काहीच दिसलं नाही. कागद दिला होता ना?"

"ते सकाळचं बाहेर खातात," मी म्हणाले. "गिरणीवाल्या बाईंकडं."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "महिन्यानं परत करू. पण बाई, आत काही असेल तर ते महिनाभर थांबून राहत नाही, एवढं लक्षात ठेवा."

इतके दिवस माझ्या मनात आपा होत्या, कण्या होत्या, बाक होता. यांचं आतडं नव्हतंच. तरीही, काय सांगू, घरी आल्यावर यांना झोपवलं आणि मी रस्ता ओलांडून गेलेच. आपा दळत होत्या. मी म्हणाले, "तुमच्या कण्यांनी तपासणी वाया गेली. डॉक्टरांना काही दिसलं नाही."

आपांनी बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. "काईच नाय दिसलं?"

"नाही."

"म्हंजे आत असंल बी?"

"असेलही."

त्या पोत्यावर बसल्या. हात मांडीवर, तळवे वर. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती. मालक गेल्यावर चौथ्या दिवशी जी बाई उभी राहिली, तिनं त्या दिवशी गिरणी उघडली नाही. लोक डबे घेऊन आले आणि परत गेले. मी खिडकीतून बघत होते. मला हवं ते झालं होतं आणि मी खिडकी लावून घेतली.

तो महिना फार वाईट गेला. हे सकाळी घरीच असायचे, माझ्या हातचं खायचे, पण काय खावं याचीच त्यांना भीती बसली. ज्वारी बघितली की "नको" म्हणायचे. "आपांना काय वाटत असेल गं," एवढंच मधूनमधून. गिरणी पुन्हा सुरू झाली होती, पण आपा रस्त्याच्या अलीकडं बघत नव्हत्या. मी डबा नेला तर मुकाट्यानं दळून द्यायच्या. ज्वारी नवी की जुनी, उन्हं दिली की नाही, काही नाही. त्या टोमण्यांची मला इतकी सवय होती हे तेव्हा समजलं.

पुन्हा तपासणीला तीन दिवस उरले, तेव्हा आपा दारात आल्या. हातात झाकलेलं पातेलं. तांदळाची पेज, मलमलीतून तीनदा गाळलेली, आरपार बघावं इतकी नितळ. "भाभी," म्हणाल्या, "कागद वाचून सांगा. काय चालतंय, काय नाय. या खेपेला माझ्या हातून चूक नक्को."

दवाखान्यानं नवा कागद दिला नव्हता. द्यायचं कारणही नव्हतं. मी मिसळणाच्या डब्याखालचा तोच कागद काढला. त्यावर हळदीचा डाग पडला होता. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले आणि आपा माझ्या शेजारी उभ्या राहून माझं बोट जाईल तिकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हा नवा कागद?"

"हो," मी म्हणाले. "मागच्या खेपेला त्यांनी दिलाच नव्हता."

आपांचं बोट कागदाच्या कोपऱ्यावर होतं. ते तिथं जरा थांबलं. "अच्छा," म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. पुढचे तीन दिवस वेळेवर पेज आली, मुगाचं गाळलेलं पाणी आलं. दर वेळी माझ्या हातात दिलं, यांच्या नाही.

या वेळी आतडं स्वच्छ होतं. एक लहान पॉलिप सापडला, तो काढला. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच मिळाला हे बरं झालं." आणि मग हसून, "कण्या चालू ठेवा. उत्तम पथ्य आहे. फक्त तपासणीआधी तीन दिवस बंद." मी घरी आल्यावर देवापुढं बसले आणि रडले. आपांकडं गेले नाही. हे गेले. दुसऱ्या दिवशी सातला वाडगा रस्त्यापलीकडं.

असं पुढं कितीतरी वर्षं चाललं. मग आपांचे गुडघे गेले. पाकीटबंद पीठ दुकानात मिळू लागलं तशी रांगही आटली. मुलानं बिडकीनला घर बांधलं आणि त्यांना तिकडं न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी हातगाड्यावर घालून त्यांनी ते हातजातं आमच्या ओसरीत आणून ठेवलं. हे मागच्या गल्लीत टेम्पो बघायला गेले होते. आपा जात्याशेजारी टेकल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "भाभी, मला अक्षर येत नाय. आकडा येतो."

मला लगेच कळलं. तो कोपरा, ती तारीख. पहिल्या, वाया गेलेल्या तपासणीची.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? महिनाभर मी समजत होते, आधी माझा माणूस गेला, आता मीच तुमचा घालवला. तारीख बघितली तवा आधी हलकं वाटलं. राग मागून आला." त्या जात्याच्या खुंट्यावरून हात फिरवत होत्या. "तुम्ही माझ्यावर जळत होत्या, ते काय मला दिसत नव्हतं? मी बी जळत होते, भाभी. माझ्या माणसानं दोन वर्षं मला कळू दिलं नाय. तुमच्याला मी एका दिवसात पकडलं. रोज सकाळी कण्या भरडताना वाटायचं, हे हात त्याला का नाय पुरले? भाऊ बाकावर बसून हसायचे अन् मला खुशी बी व्हायची अन् आग बी लागायची."

"तरी भरडत राहिलात."

"मग काय करू? भुकेला माणूस बाकावर येऊन बसलेला." मग त्या उठल्या. "भाऊंना सांगू नका असं मी म्हणत नाय. सांगा असं बी म्हणत नाय. तुमचं तुम्ही बघा."

टेम्पो आला. हे लहान मुलासारखे रडले. मी आपांच्या हातात चिवड्याचा डबा दिला, त्यांनी तो मांडीवर ठेवताना हलवून बघितला आणि म्हणाल्या, "डाळं जास्त पडलंय."

दोन वर्षांपूर्वी आपा बिडकीनलाच वारल्या. आम्ही मातीला पोचलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांच्या सुनेनं आम्हाला काय द्यावं, तर कण्या आणि ताक.

आता रोज सकाळी मी जात्यावर कण्या भरडते. माझेही गुडघे बोलतात. हे खातात, वाडगा चाटून पुसून ठेवतात आणि आठवड्यातून एकदा तरी म्हणतात, "चांगल्या झाल्यात. पण आपांच्या हातची गोष्ट वेगळी." मला अजून लागतं. बाई मातीत गेली तरी लागतं. पण आता मी म्हणते, "हो, वेगळीच होती."

पुढच्या महिन्यात यांची पुन्हा तपासणी आहे. काल कागद आला. नेहमीसारखं म्हणाले, "तू बघ, मला चष्मा सापडत नाही." सांगणार सांगणार म्हणता इतकी वर्षं गेली, तोंडानं ते होत नाही. म्हणून हे लिहिलं. दवाखान्याचा कागद आणि त्याखाली हा, दोन्ही वाडग्याखाली ठेवलेत. चष्मा देवघरात होता. तो पुसून वाडग्याशेजारी ठेवलाय.